गाडीचे दात पाहणारे आप्पा

गाडी समोर उभी असली तरी आप्पा तिच्याकडे पाहत नसत. मालक बॉनेटवरून फडके फिरवीत असे, नव्या सीट-कव्हरांचे कौतुक सांगत असे, आप्पा मात्र कपाळावरचा चष्मा नाकावर उतरवून हात पुढे करीत आणि म्हणत, "दात दाखवा." दात म्हणजे गाडीचे नोंदणीपत्र, ज्याला आमच्या शिरूरकडे लहानथोर सगळे आरसी बुक म्हणतात. आप्पांच्या वडिलांनी हयातभर मेंढरे राखली. मेंढराचे वय त्याच्या दातांवरून ठरते, विकणाऱ्याच्या बोलण्यावरून ठरत नाही, ही विद्या आप्पांनी लहानपणी आत्मसात केली आणि पुढे ती मोटारींना लावली. "मालक खोटं बोलंल, रंग खोटं बोलंल," ते म्हणत, "पन तारीख खोटं बोलत न्हाई."

शिरूरच्या तहसील कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली त्यांचे टेबल होते. एक पत्र्याची पेटी, शिक्क्याची गादी, गिऱ्हाइकासाठी दोन खुर्च्या. जुन्या गाड्यांची नावे बदलणे, परराज्यातून आलेल्या गाड्यांची नोंदणी करून देणे, कर किती बसेल ते सांगणे, हा त्यांचा व्यवसाय. लोक त्यांना पासिंगवाले आप्पा म्हणत. भीमेपलीकडची दौंडची गाडी एका आरटीओ कचेरीकडे जाते आणि अलीकडची शिरूरची दुसऱ्या. पण दोन्ही तीरांची माणसे विचारायला मात्र त्या कडुनिंबाखालीच येत.

माझा त्यांचा परिचय घोडनदीच्या काठी महादेवाच्या देवळात झाला. मी शाळेतील संस्कृतच्या अध्यापनातून निवृत्त झाल्यावर तेथील प्रातःपूजा माझ्याकडे आली होती. आप्पा दर सोमवारी बेलाची पाने घेऊन येत, ती माझ्या हाती देत आणि स्वतः गाभाऱ्यात न येता पायरीवर बसत. दौंडच्या एका स्नेह्याची जुनी मोटार मी घ्यावी की काय, अशा विचारात असताना मी त्यांना त्या पायरीवरच विचारले, की मला तिचा कर पुन्हा भरावा लागेल काय.

"न्हाई, गुरुजी. म्हाराष्ट्रातल्या म्हाराष्ट्रात हात बदलला तर कर पुन्ना न्हाई. फक्त नावाची फी. कर एकदाच, जन्माच्या टायमाला. तुमच्यात मुंज एकदाच व्हती ना? तसं."

"आणि परराज्यातून आणली तर?"

"मग पुन्ना मुंज," आप्पा गंभीरपणे म्हणाले. "सोवळं आपलं, भटजी आपला, दक्षिना पन आपली."

त्यांच्या टेबलाशी होणारा सर्वांत जुना वाद किमतीचा होता. प्रत्येकाला वाटे, आपण जितक्याला गाडी घेतली तितक्यावर कर बसावा. एकदा परराज्यातून गाडी आणलेला एक बागायतदार माझ्यादेखत हमरीतुमरीवर आला. "दीड लाखाला घेतली मी, आप्पा! दीड लाखावर लावा ना कर!"

"तू कितीला घेतली, त्ये सरकार इचारत न्हाई. पयल्या मालकानं शोरूममदनं काढली, तवाची किंमत धरायची. पेट्रोल का डिझेल, त्ये बघायचं. त्यावर पुरा कर काढायचा, आन् मग गाडीचं जेवढं वय झालं तेवढा त्यातनं उतरवायचा."

"म्हंजी माज्या घासाघिशीला काय किंमतच न्हाई?"

"हाय की. घरी जाऊन बायकोला सांग, ती करंल कवतिक."

सगळे हसले, बागायतदारही हसला. आप्पा मात्र हसले नाहीत. ते हिशेब करताना कधी हसत नसत. बोटांची पेरे मोजीत ते पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून वय काढीत, आणि जो आकडा तोंडाने सांगत तोच पुढे कचेरीच्या पावतीवर उमटत असे. आता सारे संगणकावर होते. तरी लोक आधी आप्पांचा आकडा ऐकत आणि मग संगणकाचा.

या वयाच्या हिशेबातूनच त्यांचे प्रसिद्ध वाक्य निघाले. कर पायरीपायरीने उतरतो. गाडीचे एक वर्ष पूर्ण झाले की एक पायरी. म्हणून वर्ष भरायला दोन-तीन महिनेच उरले असतील तर आप्पा कागद परत देत आणि म्हणत, "वरीस भरू द्या." परराज्यातल्या गाडीला येथे फिरायला बारा महिन्यांची मुभा असते, त्यामुळे यात अधर्म काही नव्हता. लोकांचे चार पैसे वाचत. आप्पांची मजुरी मात्र तेवढीच राही, आणि तीही उशिरा मिळे. त्यांचा त्यात स्वार्थ नव्हता, हे मला आजही प्रथम सांगावेसे वाटते. मी एकदा त्यांच्या संयमाची स्तुती केली तेव्हा ते म्हणाले, "गाडीचं वय वाढलं की कर उतरतो, गुरुजी. मान्साचं वाढलं की मान उतरतो. फरक येवढाच, मान्साला पावती मिळत न्हाई."

सोपान माझा विद्यार्थी. पाबळचा. संस्कृतात त्याला गुण बेताचेच मिळत, पण उच्चार असा स्वच्छ की वर्गात श्लोक म्हणायला मी त्यालाच उभा करी. पुढे तो रांजणगावच्या एका कारखान्यात फिटर झाला. त्याला दोन मुली. पत्नी सुनंदा, दोन्ही मुली आणि तो, असे चौघे एकाच दुचाकीवरून महामार्गाने जात, आणि त्या अवजड वाहनांच्या रांगा पाहून सुनंदाच्या जिवाचा थरकाप होई. तिच्या आग्रहावरून सोपानने कर्नाटकातून एक जुनी पांढरी मोटार आणली. नोंदणीचे विचारायला तो आधी माझ्याकडे आला, आणि मी त्याला आप्पांकडे नेले. ते पाऊल माझे होते.

"आप्पा, पैसं आनल्यात," सोपान खिशाला हात लावून म्हणाला. "आजच भरून टाकू. नावावर झाली की डोक्याचा ताप गेला."

आप्पांनी दात पाहिले. पेरे मोजली. "वरीस भरायला दोन म्हैने आन् अकरा दिस. कशाला घाई करतोस? इमा चालू हाय न्हवं?"

"हाय. पुढल्या दिवाळीपत्तर."

आप्पांनी विम्याचा कागद हाती घेऊन तारीख पाहिली आणि मान डोलावली. "मग झालं तर. वरीस भरू दे. नाव आन् कर एकदमच करू." आणि वर्ष भरल्यावर किती कर बसेल तो आकडाही त्यांनी सांगून टाकला.

सोपानचे समाधान झाले नव्हते. त्याने माझ्याकडे पाहिले. शाळेत एखादा चरण अडला म्हणजे तो असाच पाही. मी म्हणालो, "आप्पा सांगतात तर थांब, बाळ. धीर धरल्याने कोणाचे वाईट होत नाही." त्याने पैसे पुन्हा खिशात ठेवले, आम्हा दोघांना नमस्कार केला आणि तो गेला.

वर्ष भरायला एकोणीस दिवस उरले असताना, दुपारपाळीला जाताना, सोपानने कारखान्याच्या फाट्याअलीकडे गाडी कडेला घेतली. मागचे चाक बसल्यासारखे वाटले म्हणून तो उतरत होता. दार उघडून त्याने एक पाय खाली टेकला तोच मागून आलेला ट्रेलर दारासकट त्याला ओढीत घेऊन गेला. गाडीचे एक दार तेवढे गेले. बाकी गाडी जशीच्या तशी उभी होती, इंजिन चालू.

उत्तरकार्य मी केले. चौदाव्या दिवशी आप्पा स्वतः पाबळला गेले आणि सुनंदाला म्हणाले, की मालक गाडी चालवताना किंवा तिच्यातून चढता-उतरताना गेला तर विम्यात त्याच्या घरच्यांसाठी वेगळी तरतूद असते. कागद काढ, आपण पुण्याला जाऊ. मीही सोबत गेलो. विमा कंपनीतला अधिकारी तरुण होता आणि सौजन्याने बोलत होता. त्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "आजोबा, ही तरतूद नोंदणीकृत मालकासाठी आहे. आरसीवर यांच्या मिस्टरांचं नाव नाही. पॉलिसीवरही नाही. दोन्हीकडे कर्नाटकातल्या मालकांचं नाव आहे. मी काय करू, सांगा."

ट्रेलरवाल्यावरचा दावा निराळा. तो न्यायालयात आहे आणि न्यायालयाच्या गतीने चालेल. पण जे त्या महिन्यात मिळायचे, ज्यावर मुलींची शाळा चालली असती, ते एका नावाअभावी गेले.

आप्पांनी त्या अधिकाऱ्याशी वाद घातला नाही. परतीच्या एसटीत सुनंदा पुढे बसली होती. आप्पा बराच वेळ स्वतःच्या पंज्यांकडे पाहत होते. शिक्रापूर मागे पडल्यावर म्हणाले, "तारीख बघितली, गुरुजी. त्याच कागदावर वर नाव व्हतं. त्ये न्हाई बघितलं."

शेजारच्या टेबलावरच्या दलालाने त्यांना सुचविले, "आप्पा, मागची तारीख टाकून नाव चढवा ना. पोरींच्या तोंडात घास पडंल." त्यावर आप्पा काय म्हणाले ते त्यांनीच मला सोमवारी पायरीवर सांगितले. "मी म्हनलं, बाबा, आता समदं कंपुटरवर. त्येला तारीख मागं घेता येत न्हाई." मग थोडे थांबून, "आली असती तर मी घेतली असती. तुमच्या देवाच्या पायरीवर बसून सांगतो." आयुष्यभर तारखेला दैवत मानलेला हा पुरुष. त्याच्या मुखी ते शब्द ऐकून मी बेलाची पाने घेऊन गाभाऱ्यात गेलो.

निदान गाडी सुनंदाच्या नावावर व्हावी, म्हणजे तिला ती विकता येईल, एवढेच आता हाती होते. आप्पा तीन वेळा कर्नाटकात गेले. मूळ मालकाच्या नव्याने सह्या घेतल्या, तेथील कचेरीचा ना-हरकत दाखलाही सुनंदाच्या नावाने नवा आणला. गाडीला भंगारातले करड्या रंगाचे दार बसविले होते. पांढऱ्या अंगाला ते दुरूनही दिसे. या साऱ्या खटाटोपात गाडीचे ते वर्ष भरून गेले होते. कर एक पायरी उतरलेलाच बसला. सोपानला आप्पांनी तोंडी सांगितलेला आकडा आणि पावतीवरचा आकडा, दोन्ही रुपयारुपयाने जुळले. ती पावती त्यांनी मला दाखविली.

कागद द्यायला आम्ही दोघे पाबळला गेलो. कर आप्पा स्वतः भरणार होते, परंतु सुनंदाने ते मान्य केले नव्हते. सोपानने बाजूला ठेवलेलेच पैसे तिने दिले होते. तिने आरसी दोन्ही हातांनी घेतली, स्वतःचे नाव वाचले. मग शांतपणे विचारले, "आप्पा, तवाच भरला असता, तर किती जादा गेलं असतं?"

मी मनात देवाचा धावा केला. आप्पांनी आयुष्यात एकदाच खोटा आकडा सांगावा, मोठा सांगावा, एवढीच माझी प्रार्थना होती.

"चार हजार सहाशे वीस," आप्पा म्हणाले.

ती म्हणाली, "येवढंच व्हय." आवाजात राग नव्हता. बाजारात एखाद्या वस्तूचा भाव ऐकून पुढे जावे, तशी ती उठली आणि आम्हाला पाणी आणायला आत गेली. परत आली तेव्हा आप्पा अंगणाबाहेर रस्त्यावर जाऊन उभे होते. पाणी मी एकट्याने प्यालो.

त्या महिन्यात आप्पांनी टेबल उचलले आणि ते दौंड तालुक्यात केडगावला मुलीकडे राहायला गेले. मी भीमेचा पूल ओलांडून त्यांना दोनदा भेटलो. दोन्ही वेळा ते ओसरीत बसलेले होते आणि अन्न कमी झाल्याचे त्यांची मुलगी सांगत होती. दुसऱ्या भेटीत त्यांनी माझा हात धरला.

"गुरुजी, तुमच्या शास्त्रात समद्याला प्रायश्चित्त हाय म्हनता. गाय मारली तर हाय, वरत मोडलं तर हाय. ह्याला काय हाय?"

"आप्पा, तुम्ही पाप केले नाही."

"त्ये मला ठावं हाय. पाप केलं असतं तर मी तुमाला इचारलं नसतं, जाऊन भोगलं असतं. खरा हिशेब सांगितला आन् मानूस गेला. त्याचं काय लिवलंय, त्येवढं सांगा. करतो म्या. उपास सांगा, चालत जायला सांगा, काय बी सांगा."

ज्यात अधर्म नाही, लोभ नाही, असत्य नाही, अशा कर्माचे प्रायश्चित्त कोठे सांगितले आहे, हे मला आठवेना. मी म्हणालो, "असे घाईने सांगता येणार नाही. पाहून सांगतो." त्यांनी मान डोलावली आणि माझा हात सोडला.

घरी आल्यावर मी पोथ्या काढल्या. रोज पूजेनंतर दोन घटका वाचीत असे. टिपणे केली, एका विद्वान स्नेह्याला पत्र घातले, त्याचे उत्तर यायची वाट पाहिली. ते उत्तर आले नव्हते तोच केडगावहून निरोप आला, की आप्पा पहाटे गेले.

शोधायचे काहीच नव्हते, हे मला आता कळते. त्या दुपारी ओसरीत, त्यांचा हात माझ्या हातात असताना, एवढेच म्हणायचे होते, की आप्पा, पोराने शेवटी माझ्याकडे पाहिले होते आणि थांब असे मी म्हणालो होतो. यातले अर्धे माझे आहे, ते मला द्या. तेवढे ओझे उतरून त्यांच्या पोटात कदाचित एक वेळचे जेवण गेले असते. मी पोथी चाळीत राहिलो.