संभाव्य सरांची आदर्श आजी

सरांचं खरं नाव क्लासच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचायची गरज कुणालाच पडत नसे. फळ्यावर प्रश्न लिहून झाला की ते खडू आपटून म्हणायचे, "हा संभाव्य आहे, बरं का!" वर्षानुवर्षं हेच ऐकून पोरांनी त्यांचं बारसं करून टाकलं होतं: संभाव्य सर. सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. आपल्याला पुढचं कळतं असं चार लोक म्हणत असतील तर कुणाला आवडणार नाही?

क्लास टायरच्या दुकानाच्या वर. खाली हवा भरायच्या मशीनची धडधड, वर सरांची. शहरातल्या सगळ्यात मानाच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा, एवढा एकच विषय तिथे चाले. सरांची पद्धतही एकच. आदर्श उत्तर ते सांगणार, पोरं उतरवून घेणार आणि क्लास सुटण्याआधी सगळ्यांनी ते एका सुरात म्हणायचं. एक शब्द इकडचा तिकडे झाला की सरांचं डोकं फिरे. "शहाणपणा कुणी सांगितलाय तुला? मार्क माझ्या शब्दांना आहेत, तुझ्या नाहीत!" आणि खरंच असत. पोरांना प्रवेश मिळे, पालक मिठाई घेऊन येत, सर "छे छे, मी काय केलं?" म्हणत आणि डबा ठेवून घेत.

मग साथ आली. शाळांना कुलपं लागली, परीक्षा रद्द झाल्या आणि क्लास सरांच्या स्वयंपाकघरात, ओट्यावर कुकरला टेकवलेल्या फोनमध्ये भरू लागला. त्या फोनमध्ये पोरांपेक्षा त्यांच्या घरातले पंखेच जास्त दिसत. मानाच्या कॉलेजने समित्या नेमल्या, समित्यांवर समित्या नेमल्या आणि अखेर नवं धोरण जाहीर केलं. यंदा प्रवेश परीक्षा नाही. शाळेतले आधीचे गुण बघू आणि प्रत्येक विद्यार्थ्याशी पडद्यावरून पाच मिनिटं गप्पा मारू, त्याला 'माणूस म्हणून' समजून घेऊ. पाठांतराला थारा मिळणार नाही, हे ठळक अक्षरांत होतं.

वाचून पालकांच्या तोंडचं पाणी पळालं. पोहण्यापासून बुद्धिबळापर्यंत सगळ्याचे क्लास मुलांना लावून झाले होते, पण माणूस म्हणून कुणी समजून घेऊ लागलं तर काय करायचं, याची तयारी कुणाच्याच घरात नव्हती. सरांचा फोन घणघणू लागला.

"सर, माणूस म्हणून काय काय विचारतील हो?"

"या काळातला एखादा खराखुरा अनुभव सांगा, असं विचारतील," सर ठासून म्हणाले. "हा येणार म्हणजे येणारच."

"बरं झालं! मग सर, खराखुरा अनुभव कधी उतरवून देताय?"

इथे सरांचं घोडं अडलं. शेजाऱ्यांना औषधं पोचवली, गच्चीत रोपं लावली, वडिलांना स्वयंपाकात मदत केली, अशी बरीच उत्तरं त्यांनी रचून पाहिली. पोरं जांभया देत लिहून घेत. पोरांचं सोडा, सरांना स्वतःलाच ती पुन्हा वाचवेनात. रोज एखाददुसरा पंखा फोनमधून गळू लागला. हे असंच चाललं तर पाटी उतरवावी लागेल, या धास्तीने त्यांना अन्न गोड लागेना.

त्यांच्या घरात खराखुरा अनुभव नव्हता असं नाही. त्या वसंतातच त्यांची आई गेली होती. आजारपणात तिला मागच्या खोलीत ठेवलं होतं आणि दार बंद. सरांची मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. रोज संध्याकाळी ती दाराबाहेर स्टूल टाकून आजीला पेपर वाचून दाखवायची. आजीचा आवाज बसला होता, म्हणून ती चमच्याने पलंगाच्या लोखंडी दांड्यावर टकटक करायची. एकदा केली की पुढे वाच. दोनदा केली की हे सोड, दुसरं घे. राजकारण आलं की दोनदा. 'हरवले आहेत'च्या जाहिराती आल्या की हमखास एकदा. सर स्वयंपाकघरात शिकवत असताना ती टकटक ऐकू यायची आणि त्यांना बरं वाटायचं. आजी गेल्यावर मुलगी त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. कुणी विचारलंही नाही.

एका संध्याकाळी, काहीच सुचेना तेव्हा, सरांच्या तोंडून ते सगळं निघून गेलं. दार, स्टूल, चमचा, सगळं. आणि उत्तराला शेवट हवाच, म्हणून त्यांनी शेवटही जोडला. 'शेवटच्या संध्याकाळी टकटक आली नाही. तरी मी पान संपेपर्यंत वाचत राहिले. या अनुभवाने मला संयम शिकवला.' फोनमधली एक विद्यार्थिनी डोळे पुसत होती. सरांनाही आई आठवली होती, अगदी मनापासून. पण त्याच आठवणीत आतला मास्तर जागा झाला आणि म्हणाला, हे चालणार.

"हं, घ्या लिहून," ते म्हणाले. "आपापले बदल करून घ्या बरं. आजीच्या जागी आजोबा घाला, काका घाला."

आता बदल करा म्हटलं म्हणून पोरं कशी करणार? एक शब्द हलवायचा नाही हे त्यांच्या हाडीमासी खिळवलं होतं ते सरांनीच. ज्याच्या दोन्ही आज्या धडधाकट होत्या आणि शेजारच्या खोलीत पत्ते कुटत होत्या, त्यानेही आजीच ठेवली. चमचाही ठेवला. पहिल्या दिवशी मुलाखत देऊन आलेल्यांनी सांगितलं की समितीतल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांची छाती फुगली. बायको तेवढी एकदा म्हणाली, "अहो, लेकीला विचारलं होतंत का?" सर म्हणाले, "तिचं नाव कुठे घेतलंय मी?"

मुलगी बापाच्या क्लासला कधीच बसली नव्हती. "तुमचं मला पाठ होत नाही, बाबा," म्हणायची. त्या कॉलेजवर मात्र लहानपणापासून तिचा जीव होता. तिथल्या वेधशाळेतून तिला एकदा आजीला शनीची कडी दाखवायची होती. आजी म्हणायची, तू आधी आत तर जा, मग बघू शनीकडे.

तिची मुलाखत अगदी शेवटी आली. फोन घेऊन ती मागच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. सरांना राहवेना. त्यांनी तेच स्टूल ओढलं आणि दाराला कान लावून बसले.

"या काळातला एखादा अनुभव सांगशील?" आतून बाईंचा आवाज आला.

मुलगी म्हणाली, "मी हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. माझी आजी याच खोलीत होती. मी दाराबाहेर बसून तिला पेपर..."

"आणि आजी चमच्याने टकटक करायची," बाई म्हणाल्या. "एकदा म्हणजे पुढे वाच."

"हो. तुम्हाला कसं...?"

"बाळ, आठवडाभर आम्ही या आजीला रोज निरोप देतोय." मागे कुणीतरी हसलं. "पुढचं आम्हाला पाठ आहे. संयम शिकलीस, हो ना? कुठल्या क्लासला जातेस?"

"कुठल्याच नाही," मुलगी म्हणाली. आणि हेही खरंच होतं.

सर उठले. हात कडीपर्यंत गेला. आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. पण ते वाक्य म्हणजे क्लासची पाटी उतरवणं, आणि मुलाखत देऊन आलेल्या सगळ्या पोरांचे प्रवेश धोक्यात घालणं, आणि फोनमध्ये चार परक्या माणसांसमोर लेकीच्या डोळ्यांना डोळे भिडवणं. ते कडीवर हात ठेवून उभे राहिले. तेवढ्यात पाच मिनिटं संपली.

यादीत सरांची निम्मी पोरं झळकली, मुलाखतीला आधी नंबर लागलेली. 'प्रांजळ निवेदन' असा शेरा होता त्यांच्या नावापुढे. मुलीचं नाव नव्हतं. तेव्हा कुठे सरांनी कॉलेजला सगळं कळवलं, चूक माझी, शिक्षा तिला का, असं. लगेच उत्तर आलं. आपल्या प्रामाणिकपणाचं आम्ही स्वागत करतो. धोरणानुसार निर्णयात बदल होऊ शकत नाही. पुढच्या वर्षापासून मुलाखती बंद करून पुन्हा परीक्षा घेण्यात येईल. बातमी फुटताच पालकांचे फोन सुरू झाले, "सर, जुन्या वह्या आहेत ना?"

सरांनी एकही फोन घेतला नाही. मागच्या खोलीचं दार आज उघडं होतं. मुलगी आजीच्या पलंगावर बसली होती. ते बाहेर स्टुलावर बसले.

"मी कळवलं त्यांना," ते म्हणाले. "पण फार उशिरा. तेव्हाच आत यायला हवं होतं मी."

"प्रवेशाचं नाही वाटत मला इतकं," ती म्हणाली. "बाबा, मी पोरांची वही बघितली. तो शेवट तुम्हाला कुणी सांगितला? मी पान संपेपर्यंत वाचत राहिले म्हणून?"

"कुणी नाही. मला वाटलं, तसंच झालं असणार."

"त्या दिवशी मी वाचलंच नाही." तिचा आवाज बारीक झाला. "मैत्रिणीचा फोन होता. आतून टकटक आली. मला वाटलं, दहा मिनिटांनी बसू. पुन्हा आली. मी फोन घेऊन गच्चीत गेले. हे सांगणार होते मी त्यांना. परक्या माणसांना सांगता येईल असं वाटलं होतं. त्यांनी तिथपर्यंत येऊच दिलं नाही."

सरांनी तोंड उघडलं. अशा वेळी काय म्हणावं याची वाक्यं त्यांच्याकडे पोत्याने होती, आणि प्रत्येकाला आजवर पैकीच्या पैकी मार्क पडले होते. त्यांनी तोंड मिटलं.

मग त्यांनी हात पुढे केला आणि उघड्या दारावर बोटाने टकटक केली. एकदाच.

मुलीने वर पाहिलं. आणि पुढे सांगू लागली.