लेफ्ट आउटची जागा

फोन आला तेव्हा माझा उजवा हात एका कोऱ्या हातमोज्यात होता. जालंधरच्या ज्या कारखान्यात मी काम करतो तिथे बेसबॉलचे हातमोजे शिवतात. डावखुऱ्यांचे मोजे घालून, मुठीने ठोकून, ते नीट मिटतात का हे पाहण्याचं काम माझ्याकडे असतं. डावखुरा डाव्या हाताने चेंडू फेकतो आणि उजव्याने झेलतो, म्हणून त्याचा मोजा उजव्या हाताचा. फोनवर काकूंचं, गजभिये सरांच्या बायकोचं, नाव दिसलं आणि मी मोजा काढून ठेवला, कारण काकू कधी फोन करत नसत, फोन सरच करायचे. "देवा, सर गेले गा," काकू म्हणाल्या. "सकाळी चहा मांगतला, अन् मी चहा घेऊन येतो तं..." पुढे त्यांना बोलवेना. मी नुसता "हो काकू, हो काकू" करत राहिलो. सुट्टी मिळाली नाही, पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमालाही पोचलो नाही. परवा कुठे नागपूरला जाऊन आलो. माझी शाळा आठवीत सुटली, त्यामुळे लिहायचं म्हटलं की धास्तीच वाटते. पण तिथे गेल्यावर जे कळलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

गजभिये सर टपाल खात्यात होते, खात्याच्या संघातून हॉकी खेळलेले. निवृत्त झाल्यावर सक्करदऱ्याजवळच्या मैदानावर ते रोज संध्याकाळी पोट्ट्यांना हॉकी शिकवायचे. मी भिवापूरचा. माझी आई सातऱ्यावर, म्हणजे जिथे लाल मिरचीचे देठ खुडतात तिथे, कामाला जायची. शाळा सुटल्यावर मीही तिच्या शेजारी बसून देठ खुडू लागलो. बोटांची आग व्हायची, डोळ्यांकडे हात नेता यायचा नाही. आमच्या गावच्या एका सामन्यात सर पंच म्हणून आले होते. त्यांनी मला धावताना पाहिलं आणि सरळ सातऱ्यावर येऊन आईला म्हणाले, "बाई, पोरगा मले द्या. दिवसा काम करंल, संध्याकाळी खेळंल." आईने मिरचीचे हात पदराला पुसले आणि विचारलं, "जेवाले देसान न?" सर म्हणाले, "आमच्या घरी जे शिजंल ते." असा मी नागपूरला आलो. दिवसा सायकलच्या दुकानात, संध्याकाळी मैदानावर, झोपायला सरांच्या घरची बाहेरची खोली. सगळं चांगलं होतं, फक्त एक भीती आत बसून असायची... ज्या दिवशी आपला खेळ कमी पडेल त्या दिवशी सर आपल्याला भिवापूरच्या गाडीत बसवून देतील.

आणि खेळ कमी पडणारच होता, कारण मी डावखुरा. हॉकीच्या काठीची एकच बाजू सपाट असते, चेंडू तिनेच मारायचा, आणि डावखुऱ्यांसाठी वेगळी काठी नसते. सगळ्यांनी डावा हात वर, उजवा खाली असंच धरायचं. माझे हात नेमके उलटे जायला पाहायचे. सरांनी मला लेफ्ट आउटला, डाव्या कडेने धावायला ठेवलं होतं, कारण पाय वेगवान होते. पण चेंडू जवळ आला की त्यांची हाक ठरलेली, "डावा वरतं बे देव्या, डावा वरतं!" सरावात जमायचं. एका स्पर्धेत मात्र, सामना संपत आलेला, गोल समोर मोकळा, चेंडू माझ्याकडे आला आणि हात आपोआप फिरले. काठीच्या पाठीने चेंडू मारला गेला. शिटी वाजली. हरलो. परत येताना मी स्कूटरवर सरांच्या मागे बसलो होतो. दुसऱ्या दिवशी सर मैदानाच्या पलीकडच्या टोकाकडे बोट दाखवून म्हणाले, "आजपासून तू तिकडे." तिकडे नंदा मॅडम बेसबॉल शिकवायच्या. ज्या खेळाला सर 'बस स्टॉपवरचा खेळ' म्हणायचे, कारण त्यात नुसतं उभं राहायचं, त्या खेळात मला टाकलं होतं. घरी काकूंनी वाढलेलं जेवण मला त्या दिवशी जाईना.

पहिल्याच सरावात चेंडू बॅटवर बसला आणि मी बॅट हातात घेऊनच धावत सुटलो. हॉकीत काठी हातातून सुटणं म्हणजे लाज. इथे चेंडू मारला की बॅट टाकून मोकळ्या हाताने पहिला बेस, म्हणजे धावेतला पहिला थांबा, गाठायचा असतो. मॅडम ओरडत होत्या, "अरे टाक ते! कोणी चोरून नाही नेत तुझी बॅट!" पलीकडून सर हसून म्हणाले, "मॅडम, हॉकीवाला हाय तो. जीव सोडंल, काठी नाही सोडणार." सगळे हसले. मला वाटलं, चला, आता आपण हसण्यापुरते उरलो.

पण नंतर गंमत सुरू झाली. माझं सामान काही खोलीबाहेर आलं नाही, आणि संध्याकाळी जेवणाआधी सर अंगणात खुर्ची टाकून माझी उलटतपासणी घ्यायला लागले. "आज किती धावला बे? दम लागला का? नाही न? मंग खेळ कसला तो!" त्यांचं म्हणणं, हॉकीत पाठ वाकवून पळावं लागते, पळता पळता वळावं लागते, फुप्फुस अन् मनगट एकाच वेळी कामाला. मी भीत भीत सांगायचो, सर, इथे दम लागत नाही हे खरं, पण एवढा वेळ उभं राहून एकदम सुटायचं असतं, पाय थंड आणि डोळा गरम. कमरेतून एकच झटका, तो चुकला की सगळं गेलं. "हूं," सर म्हणायचे. डावपेचांवर तर आमचं रोज भांडण व्हायचं. हॉकीत डाव धावत्या पायांत बदलतो. सोबत्याच्या खांद्यावरून ओळखायचं की तो पास कुठे देईल, रिकामी जागा दिसली की विचारायला वेळ नाही, शिरायचं. बेसबॉलमध्ये दर चेंडूला सगळं थांबतं. मॅडम टोपीला हात लावणार, कानाला हात लावणार, त्या खुणेवर अख्खा संघ दोन पावलं सरकणार. सर म्हणाले, "म्हणजे पोट्ट्यांच्या डोक्याले काही कामच नाही, सगळं मॅडमच्या कानात!" काकू आतून म्हणाल्या, "तुमी नाही का काठावरून बोंबलत? खुणा केल्या तं घसा तरी वाचंल."

एक गोष्ट मात्र सरांना पटली. मी त्यांना 'बंट' सांगितला. आपला एक जण बेसवर अडकलेला असतो. मग मारणारा जोर न लावता चेंडू नुसता पुढ्यात टेकवतो. स्वतः बाद होणार हे त्याला माहीत असतं, पण तेवढ्यात तो अडकलेला पुढच्या बेसवर पोचतो. सरांनी ते पुन्हा सांगायला लावलं. "म्हणजे आपला माणूस पुढे जावा म्हून हा बाद होते? मुद्दाम?" मी हो म्हणालो. त्या दिवशी सर न भांडताच उठून जेवायला गेले. डावखुरा फलंदाज पहिल्या बेसच्या बाजूला उभा राहतो, त्याला एक पाऊल कमी धावावं लागतं, हेही मला सरांनीच आधी सांगितलं होतं. त्यांना ते कसं माहीत, हे विचारायचं काही मला तेव्हा सुचलं नाही.

पुढे मी राज्याच्या संघात गेलो. त्या सामन्यांत हातमोज्यांच्या कारखान्यातल्या एकाशी ओळख झाली आणि जालंधरचं काम मिळालं. निघताना स्टेशनवर विचारायचं होतं, सर, मी नकोसा झालो होतो का? पाया पडलो आणि गाडीत चढलो. नंतर फोनवर ते नेहमी हसत विचारायचे, "तुझा तो उभं राह्याचा खेळ काय म्हणते?" आणि मी हसायचो. प्रश्न तसाच राहून गेला.

परवा गेलो तेव्हा काकूंनी चहा दिला, शेजारी बसल्या, आणि म्हणाल्या, "मैदानावर जाय एकदा. मॅडम तुले विचारत होत्या." नंदा मॅडमचे केस आता पिकले आहेत, पण टोपी तीच. आम्ही होम प्लेटपाशी, म्हणजे फलंदाज जिथून मारतो तिथे, उभे होतो. तिथून समोर हॉकीचं टोक पूर्ण दिसतं. मी पहिल्या बेसवर खेळायचो, माझं तोंड कायम होम प्लेटकडे, हॉकीकडे पाठ; मारायला आलो की नजर फक्त चेंडूवर. मॅडम म्हणाल्या, "तू इकडे आला न देवा, तवापासून सर तिकडे अकराच्या जागी दहाच पोट्टे खेळवत. तुले कधी दिसलं नसंल."

मला कळलंच नाही. "दहाच? काहून?"

"लेफ्ट आउट रिकामाच. पोट्टे कटकट करत, सर, आमाले जास्त पळा लागते, घ्या न कोणाले. मीही म्हटलं एकदा. तं सर म्हणे, देव्याले तिकडे नाही जमलं तं परत याले जागा पाह्यजे न. मीच त्याले तिकडे धाडला, डाव्या हाताचं पोरगं हाय, इकडे सडून जाईल म्हून." मॅडम थोडं थांबल्या. "तू राज्याच्या संघात निवडला गेला, त्या दिवशी त्यायनं तिथे दुसरा पोट्टा उभा केला. अन् इकडे चालत येऊन मले म्हणे, घ्या मॅडम, आता तुमचा झाला."

मी मैदान ओलांडून पलीकडे गेलो. सरांच्याच हाताखाली शिकलेला एक जण आता पोट्ट्यांना शिकवतो, त्याला हात केला आणि डाव्या कडेला, रेषेच्या आत जाऊन उभा राहिलो. तेवढ्या भागात गवत नाही, पळून पळून माती निघालेली. अंगात प्रवासातला शर्ट, पायात कामावरचे बूट. एक चेंडू घरंगळत आला, हातात काठी नव्हती, मी तो पायाने अडवला. "फूट! फूट!" पोट्टे ओरडले. "ओ काका, फाउल हाय तो! बाजूले व्हा न, आमाले खेळू द्या!"

चेंडू त्यांच्याकडे ढकलला. आणि "हो, हो" म्हणत आणखी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो.