मुन्शीजींचं शपथपत्र

खटले आपण चालवतो अशी वकील मंडळींची समजूत असते. असू द्यावी, तिला धक्का लावू नये. पण उज्जैनच्या कचेरीत ज्यांचं जाणं-येणं होतं त्यांना पक्कं ठाऊक होतं, की प्रभाकरराव वकिलांची निम्मी वकिली त्यांचे मुन्शी यज्ञेश्वर नेवासकर यांच्या डोक्यात आहे. नेवासकरांच्या चार पिढ्या ग्वाल्हेर दरबारच्या कारकुनीत गेल्या होत्या. दरबार गेला, मध्यभारत आला, आणि १९५१ साली साऱ्या देशाचे दिवाणी-फौजदारी कायदे उज्जैनलाही लागू झाले. छप्पन्न वर्षांचे यज्ञेश्वरपंत नवी पुस्तकं बगलेत मारून घरी आले, आणि पुढचे चार महिने कोणाशी धड बोलले नाहीत. पुस्तकं पाठ झाली तेव्हाच माणसांत आले.

त्यानंतर दर गुरुवारी, कचेरी सुटली की देवास गेटजवळच्या प्रभाकररावांच्या ऑफिसात त्यांचा वर्ग भरू लागला. शिकायला यायचे गावातले मुन्शी, म्हणजे वकिलांचे कारकून. यज्ञेश्वरपंत एखाद्या संपलेल्या खटल्याची मिसल, म्हणजे कागदांचा गठ्ठा, सोडायचे, तिची पानं पत्त्यांसारखी पिसायचे आणि म्हणायचे, "लावा." कोणी समन्सच्या आधी प्रतिवादीचा जबाब लावला की झालंच. "अरे, कोर्टाने त्याला बुलावलंच नाही अजून, हा आला कसा? सपना पडला काय त्याला?" फौजदारीत त्यांचा पहिला प्रश्न गुन्ह्याचा नसायचा. माणूस कुठे आहे आणि त्याला पकडून चोवीस तास झाले का, ते आधी सांगा म्हणायचे. तीन वर्षांत कचेरीतले निम्मे मुन्शी त्यांच्या हाताखालून गेले. रस्त्यात ते त्यांना वाकून नमस्कार करायचे, आणि खरं सांगायचं तर यज्ञेश्वरपंतांना ते फार आवडायचं.

विनोदिनी जोगळेकर आली १९५३ मध्ये. वडील रेल्वेत, भुसावळहून बदलून आलेले, आणि ही मॅट्रिक झालेली. मुन्शींच्या वर्गात मुलगी म्हटल्यावर बाकीचे सतरंजीच्या एका कडेला असे दाटीने बसले, की जणू ती चावणार होती. पण मिसल सगळ्यांत आधी तिची लागली. दिवाळीनंतर प्रभाकररावांनी तिला ऑफिसातच ठेवून घेतलं.

पुढच्या वर्षी दुर्गाबाईंचं प्रकरण उभं राहिलं. दुर्गाबाई भैरवगढच्या छीपा, कापडावर ठसे छापणाऱ्या. नदीकाठी ज्या मोकळ्या जागेवर त्यांचं कापड वाळायचं, ती खालच्या कोर्टाने शेजाऱ्याची ठरवली. वाळवायला जागा नाही म्हणजे छापणंच बंद, आणि छापण्याशिवाय त्या घराला दुसरं काही येत नव्हतं. अपील तीस दिवसांत करायची होती. निकालाची नक्कल तयार व्हायला जितके दिवस लागतील तितके त्यातून वगळायचे असतात. यज्ञेश्वरपंतांनी बोटांवर मोजलं आणि दोन दिवस हातात ठेवून अपील दाखल केली.

समोरच्या वकिलाने उठून सांगितलं, की अपील सहा दिवस उशिरा आली आहे.

यज्ञेश्वरपंत हसले. मग त्यांनी नक्कल उलटून मागचा शिक्का वाचला आणि त्यांचं हसू मावळलं. नक्कल ज्या दिवशी तयार झाली ती तारीख शिक्क्यावर होती. त्यांनी ती आणली होती आठ दिवसांनी. दरबारच्या काळात नक्कल करणारा बाबू कागद स्वतः मुन्शींच्या हातात आणून द्यायचा, त्यामुळे तयार झाली आणि हाती आली हे एकाच दिवशी व्हायचं. आता खिडकी झाली होती, फळ्यावर यादी लागत होती, आणि दिवस वगळायचे ते नक्कल तयार होईपर्यंतचेच. यज्ञेश्वरपंत मात्र जुन्या चालीने ती हातात पडेपर्यंतचे दिवस वगळत आले होते. कोर्टाने उशिराचं कारण शपथेवर मागितलं आणि सोमवारची तारीख दिली.

"त्यात काय? बाईंना ताप होता म्हणून लिहून टाका," ऑफिसात आल्यावर प्रभाकरराव म्हणाले. "सगळे तेच लिहितात."

दुर्गाबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. "वकीलसाब, मैं तो रोज नदी पे कपड़ा धो रही थी। उसी पड़ोसी के सामने," त्या म्हणाल्या. "वो बोलेगा नहीं?"

यज्ञेश्वरपंत नक्कल बाजूला ठेवून म्हणाले, "वकीलसाहेब, शपथपत्र माझं जाईल. चूक माझी आहे."

"यज्ञेश्वरपंत, भर कोर्टात वाचतील ते. आपलेच चेले बसलेले असतात तिथे."

"माहीत आहे मला."

तोंडाने म्हणाले खरे, पण ते सोपं नव्हतं. साठीकडे झुकलेल्या माणसाकडे त्याच्या नावाखेरीज असतं काय? विनोदिनी लिहायला बसली तेव्हा त्यांनी सांगायला सुरुवात केली, "नवीन व्यवस्थेतील संदिग्धतेमुळे..."

तिने लेखणी थांबवली. "संदिग्ध कुठे आहे, मुन्शीजी? नियम तर साफ लिहिलेला आहे. आपण वाचला नव्हता का?"

त्यांना राग आला. एवढीशी पोर आपली उलटतपासणी घेते! पण शपथपत्रात काय लिहायचं आणि काय नाही, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. "वाचला होता," ते शेवटी म्हणाले. "पण वाचतानाच वाटलं, हे तर आपल्याला येतं. म्हणून नीट वाचला नाही."

"असंच लिहू?"

"लिही."

सोमवारी ते शपथपत्र मोठ्याने वाचलं गेलं. "ग़लती मेरी है, पक्षकार की नहीं," हे वाक्य आलं तेव्हा मागच्या बाकांवर कुजबुज झाली. यज्ञेश्वरपंतांचे कान तापले, तरी ते उभे राहिले. न्यायाधीशांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं, उशीर माफ केला आणि अपील दाखल करून घेतली. निकाल लागेपर्यंत जागेला कोणी हात लावायचा नाही असाही हुकूम झाला. दुर्गाबाईंना एवढंच कळलं की उद्या कापड वाळत घालता येईल. त्या तडक भैरवगढला निघाल्या.

गुरुवारी वर्गाला कोणी फिरकणार नाही अशी यज्ञेश्वरपंतांची खात्री होती. खोली भरली. त्यांना फार बरं वाटलं. मग त्यांनी आपली चूक पहिल्यापासून समजावून सांगितली. शिक्का कुठे बघायचा, तारीख कोणती धरायची, सगळं सांगितलं. जीव हलका झाला. माणूस कबुली देतो आणि वाटतं, संपलं.

तेवढ्यात बापू इंगळे उठला. हा त्यांच्या पहिल्याच तुकडीतला मुन्शी.

"मुन्शीजी, माझी एक अपील मागच्या साली खारीज झाली. याच कारणाने. चार दिवस उशीर निघाला. आम्ही ताप लिहिला होता, कोर्टाने मानलं नाही."

"कोणाची होती?"

"एका म्हाताऱ्याची. राहतं घर होतं. गेलं."

यज्ञेश्वरपंत म्हणाले, "अरे, मग मला विचारायचं तरी!"

"विचारलं होतं," बापू म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "आपण म्हणालात, नियम बरोबर आहे, तुझीच गिनती चुकली असेल. घरी जाऊन मी परत गिनलं. आपण शिकवलेल्या नियमाने बरोबरच येत होतं. मग मला वाटलं, मलाच गिनता येत नाही. तेव्हापासून तारखांचं काम मी दुसऱ्याकडून करवून घेतो."

बापू कधी आला, कुठे भेटला, आपण काय करत होतो तेव्हा, यज्ञेश्वरपंत आठवून आठवून थकले. त्यांना काही म्हणजे काही आठवेना. बापूला मात्र त्यांचा शब्द न् शब्द पाठ होता.