पौर्णिमा होऊन जाऊ दे

तारांगणातल्या बाईंना लोक रोज तेच ते विचारत. चंद्र आपल्याबरोबर का चालतो? भर दिवसा कसा दिसतो? त्याची पाठ कधीच का दिसत नाही? घुमटाखालच्या अंधारात माइक धरून बाई उत्तरं देत. आवाज साखरेचा, जीभ मात्र मिरचीची. "स्वतःभोवती फिरायला त्याला जेवढा वेळ लागतो, तेवढाच आपल्याभोवती फिरायला. म्हणून कायम एकच तोंड आपल्याकडे. लाजतो-बिजतो काही नाही!"

लोक हसत. पण एक प्रश्न आला की बाईंचं डोकं फिरलंच म्हणून समजा. "पौर्णिमेला वेडी माणसं जास्त बिघडतात, खरं ना? समुद्राला भरती येते, मग आपल्या अंगातही पाणीच की!"

"तुमच्या घरच्या बादलीला येते का हो भरती?" बाई ताडकन विचारत. "अख्ख्या पृथ्वीची एक बाजू चंद्राला जवळ, दुसरी लांब; ओढीत फरक पडतो म्हणून समुद्र हलतो. तुमचं डोकं ते केवढं! आणि मोठी भरती अमावास्येलाही येते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, की झोडपा कावळ्याला!"

एवढं चिडायला कारण होतं. बाईंचा थोरला भाऊ मनोरुग्णालयात होता. बाईंना बघायला आलेली स्थळं दादाला बघून परत जायची, म्हणून आईवडिलांनी त्याला तिकडे नेऊन ठेवलं. चार दिवसांसाठी म्हणून. लग्न झालं, मूल झालं, आईवडील गेले, दादा तिथेच. बाई महिन्यातून एकदा भेटून येत, आणि येताना अख्ख्या बसमध्ये कुणाशी बोलत नसत.

आणि यंदा डॉक्टर म्हणाले, "आता बरे आहेत. गोळ्या चुकवू नका, घरी न्या." मुलगा शिकायला परगावी गेलेला, त्याची खोली रिकामी होती. नवरा म्हणाला, "अगं, तुझा भाऊ, तू ठरव. माझी ना नाही." इतका भला माणूस, की पळवाट काढायला त्याचं नावही पुढे करता येईना! बाईंनी खोलीला रंग दिला, नवी चादर आणली, खिडकीला जाळी लावली आणि मग लाज वाटून ती काढलीसुद्धा.

दादाला सांगितलं तेव्हा त्याने आधी कॉटखालची पिशवी ओढून जवळ घेतली. मग म्हणाला, "नक्की ना चिमे? तुझं घर मी अजून बघितलंच नाहीये गं."

"शुक्रवारी सकाळी येते. तयार राहा," बाई म्हणाल्या.

बुधवारी तारांगणाच्या दारातल्या फळ्यावर बाई नेहमीप्रमाणे चंद्राच्या कला लिहीत होत्या. शुक्रवारपाशी खडू थांबला. पौर्णिमा. बाई स्वतःशीच हसल्या. पण संध्याकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई भेटल्या. "भाऊ येतोय म्हणे? परवा? अगंबाई, नेमका पौर्णिमेला?" बाईंनी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. घेतलं खरं, पण किडा शिरला तो शिरलाच. घरात सुऱ्या आहेत, गॅस आहे, गॅलरी आहे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय?

गुरुवारी त्यांनी रुग्णालयात फोन केला. "सोमवारी आले तर चालेल का?"

"पौर्णिमा आहे म्हणून का?" तिकडचा कारकून म्हणाला. "सगळे तेच सांगतात."

"छे हो! पाहुणे आलेत. दादाला निरोप द्याल ना?"

सोमवारी बाई दादासाठी नव्या चपला घेऊन गेल्या. वॉर्डातल्या मावशींनी त्यांना दारातच गाठलं. निरोप दिला होता. दादाने तो मानलाच नाही. "माझी बहीण शब्द फिरवणार नाही," म्हणाला. शुक्रवारी पहाटेच अंघोळ करून पिशवी मांडीवर घेऊन फाटकाजवळच्या बाकावर बसला. जेवायला उठला नाही. संध्याकाळी आत न्यायला गेले तर फाटकाला मिठी मारून ओरडायला लागला, एकाच्या हाताला चावला. चौघांनी उचलून आणला, इंजेक्शन दिलं. तेव्हापासून गुंगीच्या औषधांवरच होता; आताही झोपला होता. मनगटांवर बांधल्याचे वळ होते. डॉक्टर म्हणाले, "घरी नेण्याचं नाव आता वर्षभर तरी काढू नका."

बाई कॉटच्या कडेला उभ्या राहिल्या. मावशी मायेने त्यांच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "पौर्णिमा होती ना बाई, बिघडणारच. बरं झालं तुम्ही नेलं नाहीत. शिकलेल्या तुम्ही, वेळीच ओळखलंत."

बाईंनी तोंड उघडलं. चंद्राचा यात काही दोष नाही, हे त्या हजारदा बोलल्या होत्या. पण आज ते बोललं, तर दोष कुणाचा तेही सांगावं लागणार होतं.

"हो ना," बाई म्हणाल्या, "पौर्णिमाच होती."