आजीने रचलेले चारशे बारा शब्द

माझ्या आत्याला आमच्या गल्लीत सगळे चेनवाली म्हणतात. पँटची, बॅगेची, जॅकेटची, कसलीही चेन अडली की लोक तीन मजले चढून तिच्या मशीनपाशी येतात. रनर पकडीने जरासा दाबायचा, दातांवर मेणबत्ती घासायची आणि गिऱ्हाइकाला "पोट कमी कर, चेनीला दोष देऊ नको" असं तोंडावर सांगायचं, हा तिचा धंदा. एकाहत्तर वर्षांची आहे. आमच्या लोकांची डोंगरातली भाषा घडाघडा बोलणारी आता ती एकटीच उरली आहे. बाकी आम्ही सगळे नुसते मान डोलावणारे.

तिला एकच ध्यास, ही भाषा पोरांना शिकवायची. घरी वर्ग काढून पाहिला. पहिल्या रविवारी पाच पोरं आली, दुसऱ्या रविवारी दोन, तिसऱ्या रविवारी त्यांनाही फुटबॉल आठवला. मग शाळेच्या ऑफिसात कारकुनी करणाऱ्या मी अक्कल पाजळली. मूळ रहिवाशांचा वारसा जपायला आणि शिकवायला सरकारी अनुदान असतं. ते मिळालं तर आमच्याच शाळेत आठवड्याला दोन तास मिळणार, विषयाला गुण मिळणार, म्हणजे पोरांना पळून जाता येणार नाही.

"अगं, मग कर की अर्ज! मुहूर्त बघतेस काय?" आत्या म्हणाली.

अर्ज भक्कम व्हावा म्हणून मी ग्रंथालय पालथं घातलं आणि घबाडच हाती लागलं. साठ वर्षांपूर्वी कुणा संशोधकाने आमच्या भाषेचा शब्दसंग्रह छापला होता. चारशे बारा शब्द. आणि ते सांगणारी बाई कोण, तर फोटोत चक्क माझी आजी, आत्याची आई! मला तिथेच रडू फुटलं. पानांच्या झेरॉक्स काढल्या, अर्जाला जोडल्या, पाठवून दिल्या आणि मग मिरवत आत्याकडे गेले. आधी विचारायचं कुणी? माझी मेलीची घाई.

मी एकेक शब्द वाचायला लागले. झऱ्याला काय म्हणतात, कंदाला काय, पायवाटेला काय. आत्याने मशीन थांबवलं आणि हसत सुटली. इतकी हसली की तोंडात धरलेल्या टाचण्या काढून ठेवाव्या लागल्या.

"अगं, यातला एकही शब्द खरा नाही! आईने बनवलंय त्याला!"

झालं होतं असं. त्या संशोधकाच्या आदल्या वर्षी दुसरा एक वहीवाला येऊन गेला होता. त्याने झऱ्यांची नावं लिहून नेली आणि सहा महिन्यांत दोन झऱ्यांना कुंपण पडलं. म्हणून हा नवा आला तेव्हा बायकांनी ठरवलं, याला काही कळू द्यायचं नाही. आजीने तीन दिवस त्याच्यासमोर बसून मनाला येईल ते शब्द रचून सांगितले. तो बिचारा लिहीत राहिला. आत्या तेव्हा अकरा वर्षांची, दाराआड तोंड दाबून ऐकत होती.

मला मात्र हसू येईना. जोडलेली पानं परत मागायची सोय नव्हती, आणि चार दिवसांत पत्र आलं की मुलाखतीला या, आमचे भाषातज्ज्ञ या पुस्तकाच्या आधारे शिक्षिकेचं ज्ञान तपासतील.

"खरं काय ते सांगून टाकू," मी म्हटलं.

"काही सांगायचं नाही. पुस्तक बरोबर आहे. तू वाच, मी पाठ करते."

दोन आठवडे मी ऑफिस सुटलं की तिच्याकडे जाऊन वाचत होते आणि ती चेनी उसवत उसवत स्वतःच्या आईच्या थापा घोकत होती. माझा नुसता जळफळाट. ही बाई आता पोरांना खोटी भाषा शिकवणार? त्यापेक्षा न शिकवलेली काय वाईट? पण तिच्यापुढे बोलायची माझी टाप नव्हती.

मुलाखतीला लांबलचक टेबल, पलीकडे अध्यक्षबाई आणि शेजारी भाषातज्ज्ञ प्राध्यापक, पुढ्यात आमची पानं. आत्या ठेवणीतला कोट घालून आली होती. पहिले पाच शब्द तिने पुस्तकाप्रमाणे धडाधड सांगितले. सहावा शब्द प्राध्यापकांनी विचारला तो 'आई'चा. तिच्या तोंडून खरा निघून गेला.

प्राध्यापक गोड हसले. "होतं असं, आजीबाई. वयोमानाने मूळ शब्द विसरायला होतात."

माझं डोकंच फिरलं. विसरली म्हणे! आत्याने टेबलाखाली माझं मनगट घट्ट आवळलं होतं, तरी मी उभी राहिले आणि वहीवाल्यापासून कुंपणापर्यंत सगळं ओकून मोकळी झाले.

"याला पुरावा काय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"आईने खोटं सांगितलं म्हणता," प्राध्यापक शांतपणे म्हणाले, "मग मुलगी खरं सांगते कशावरून? पडताळून बघायला ही भाषा बोलणारं दुसरं कोणी आहे?"

नव्हतं. म्हणून तर आलो होतो ना! पण हे उत्तर मला तिथे सुचलं नाही, बसस्टॉपवर सुचलं.

महिन्याने नकार आला. उपलब्ध पुरावा विश्वासार्ह नाही. वर आमच्या भाषेच्या नोंदीवर 'संशयास्पद' असा शेरा, म्हणजे पुढे कुणीही अर्ज केला तरी तीच रड. मी पत्र वाचून दाखवलं. आत्या एका दप्तराची चेन बसवत होती. वाटलं, आता शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"तुला काय वाटलं, मी पोरांना थापा शिकवणार होते?" ती म्हणाली. "तपासणीला साहेब आले की पुस्तकातलं म्हणायचं, साहेब गेले की आपलं. दोन तास पोरं माझ्यासमोर बसणार होती गं. कुठे जाणार होती?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे तिने मला आधी सांगितलं नव्हतं, कारण माझ्या पोटात काही राहत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मला शिकव," मी म्हटलं.

"चव्वेचाळीस वर्षं तुझ्याशी बोलतेय. तू कुठल्या भाषेत उत्तर दिलंस?"

"आता देते. शिकव."

तिने पाण्याला काय म्हणतात ते सांगितलं. मी म्हटलं. तिने मान हलवली, पुन्हा सावकाश सांगितलं. दुसऱ्यांदा चुकले, तिसऱ्यांदाही जीभ वळेना. आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि दप्तर मशीनखाली सरकवलं.

"असू दे," ती म्हणाली. "माझ्यामागे तू म्हणशील तेच बरोबर."