फळीवरची कानडी

धाकटी माहेरी आली की माझ्या पोटात दुखायला लागतं. खोटं कशाला बोलू? तिला नांदूरघाटला दिलंय. वर्षातून दोनदा येते आणि आल्या आल्या मायसोबत चुलीपुढं बसून कानडीत सुरू होते. आष्टी तालुक्यात, आमच्या स्वतःच्या घरात, कानडी. मी थोरली, पोरांचे इंग्रजीचे क्लास घेणारी, बाजूला बसून पीठ मळते आणि मला एक अक्षर कळत नाही.

मायबाप ऊसतोडीला कर्नाटकात जायचे तेव्हा मला शाळेसाठी आत्याकडं ठेवायचे. धाकटी तेव्हा अंगावर पीत होती, म्हणून तिला सोबत नेलं, आणि पुढं तेच चालू राहिलं. दसरा झाला की ट्रक यायचा. ती मायच्या मांडीवर, मी आत्याच्या दारात. "मला पण ने," मी दरवर्षी म्हणायची. "शाळा हाय ना तुजी," माय दरवर्षी म्हणायची. सहा महिन्यांनी परत यायचे. एका वर्षी धाकटी ट्रकमधून लंगडत उतरली. खेळताना पडली म्हणाले. मायनं तिला लगेच कडेवर घेतलं, एवढी सात वर्षांची घोडी, आणि मी वर्गात पहिला नंबर आल्याचं सांगायला उभी ती उभीच राहिले. पुढच्या वर्षापासून परत आले की दोघींच्या तोंडात नवे शब्द असायचे.

मला काय पाहिजे होतं ते सरळ सांगते. त्या दोघींच्या बोलण्यात मला जागा पाहिजे होती.

म्हणून यंदा उन्हाळ्यात गुपचूप मोबाइलवर कानडी शिकायला घेतली. माझी क्लासातली पोरं इंग्रजीत सगळ्यात जास्त अडतात ती येण्याजाण्यापाशी. आपण म्हणतो, लंगडत उतरली. आपल्याला उतरणं महत्त्वाचं, लंगडणं त्याला जोडून. इंग्रजीत 'लिम्प्ड डाउन', म्हणजे लंगडणंच पुढं येतं आणि खाली, वर, आत, बाहेर हे एका चिमुकल्या शब्दावर भागवतात. पोरं आपल्या सवयीनं शब्दाला शब्द लावत जातात आणि मी लाल पेनानं खोडत बसते. मला स्वतःला ते अंगवळणी पडायला कैक वर्षं लागली. आणि कानडी उघडून बघते तर काय, 'ओडी बा' म्हणजे पळत ये, 'इळिदु बा' म्हणजे उतरून ये. जसं आपलं तसंच त्यांचं, शब्दांचा क्रमसुद्धा तोच. आनंद व्हायला पाहिजे होता, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी इंग्रजीशी डोकं फोडत बसले आणि हिला सोपी भाषा मिळाली, वर मायसुद्धा मिळाली.

पंचमीला धाकटी आली. दोघी चुलीपुढं बसल्या तशी मी दारात उभी राहून पाठ केलेलं वाक्य म्हणाले, "अम्मा, नानु ओळगे बरला?" मी आत येऊ का, एवढंच विचारलं होतं.

दोघी हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. "आक्का, तू तर बँकेतल्या सायबावानी बोलतीस," धाकटी म्हणाली.

"मग शिकव ना. का जीव जातोय तुझा?"

"बसून न्हाई शिकवता येत मला. ऊठ."

अंगणात शेजाऱ्यांची ट्रॉली उभी होती. धाकटीनं तिला एक फळी टेकवली आणि माझ्या डोक्यावर कडब्याची पेंढी ठेवली. तिकडं उसाची मोळी अशीच डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढतात. माय खाली उभी राहिली.

"हत्तु," माय म्हणाली. चढ. "मेल्लगे." हळू. हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. मला ती नुसतं 'जेवलीस का, झोपलीस का' विचारायची. अर्ध्यात गेले तर फळी लवली आणि माय ओरडली, "इळी!"

उतर. मोबाइलवर हा शब्द मी दहा वेळा बरोबर ओळखला होता. पाय मात्र हलले नाहीत. पेंढी खाली गेली आणि मी जाणार तेवढ्यात धाकटीनं दंड धरून मला खाली घेतलं.

"मी बी अशीच फळीवर थांबलते," ती म्हणाली. "डायवर इळी इळी वरडत होता. टोळीत सगळे आपलेच, मराठीच बोलायचो; ना मला कळलं, ना मायला. टरक हालला अन् मी खाली. खेळताना न्हवते पडले, आक्का. त्या दिसापासून मायनं पयले हेच शब्द शिकले. चढ, थांब, उतर, ये. दिसभर माज्या मागं हेच."

"म्हनून तर त्यानंतर तुला कदी नेलं न्हाई," माय माझ्याकडं बघत म्हणाली. "तू तरी पडू ने म्हनून."

एवढं ऐकल्यावर कुणाचाही राग गेला असता. माझा गेला नाही.

"मी पडले असते तर माझ्यासाठी पण शिकली असतीस," मी म्हणाले.

मायनं खाली पडलेली पेंढी उचलली, झटकली, माझ्या डोक्यावर ठेवली आणि फळीला खालून हात लावून उभी राहिली.

"हत्तु," ती म्हणाली.