पहिलं घर

राजारामपुरीत एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही पाच जण कॉम्प्युटरवरचा एक खेळ बनवतो. त्यात जुन्या काळातलं एक काल्पनिक संस्थान आहे आणि खेळणारा त्याचा राजा. माझं काम तोल सांभाळायचं. पडद्यावर दोन पट्ट्या असतात, एक श्रद्धेची, एक सुधारणेची. देवळाला जमीन दिली, उत्सव केला की श्रद्धा वाढते. मुलींची शाळा काढली, पाणवठा सगळ्यांना खुला केला की सुधारणा वाढते आणि श्रद्धा थोडी घसरते. ती फारच खाली गेली की गावं बिथरतात. कुठल्या हुकमाला श्रद्धेचे किती अंक जावेत, हे मी ठरवते. संध्याकाळी घरी गेले की वडील विचारायचे, "आज किती सुधारणा केलीस?" मी आकडा सांगायचे. "बरं हाय की, आमच्या पंचायतीपेक्षा जोरात चाललंय तुझं," म्हणायचे.

आमच्यासाठी खेळून बघणारी मंडळी कोल्हापूरचीच, त्यामुळं पळवाट त्यांनी आठवडाभरात काढली. लागोपाठ चार उत्सव घालायचे, महाप्रसाद वाटायचा, श्रद्धेची पट्टी काठोकाठ भरायची आणि मग एकाच डावात सहा हुकूम काढून मोकळं व्हायचं. पोटभर जेवलेली प्रजा हूं की चूं करत नव्हती. ही पळवाट बुजवायला मी महिना घालवला. हुकूम महाग केले. 'विधवेच्या बांगड्या फोडायची चाल बंद' या हुकमाला मी बारा अंक लावले. बाराच का, तर दहा कमी वाटले आणि पंधरा जास्त.

त्यानंतर वडील गेले. सकाळी चहा घेता घेता. आमचं गाव शहराला लागूनच, त्यामुळं तासाभरात अंगण भरलं. मला रडू आलं नाही. पाहुण्यांना फोन लावून मी सांगत होते, रक्षाविसर्जन परवा नऊ वाजता, आणि बसची वेळ सांगावी तसा माझा आवाज येत होता.

गावानं दोन वर्षांपूर्वी ग्रामसभेत ठराव केला होता, की नवरा गेला म्हणून बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. वडिलांनीही हात वर केला होता. ठरावाचा फलक पंचायतीच्या दारात लावला होता. पण त्यानंतर गावात जेवढी म्हणून माणसं गेली, त्या प्रत्येक घरात बांगड्या फुटल्या. चाल मोडायची सगळ्यांनाच होती, फक्त आधी शेजाऱ्यानं मोडावी अशी अपेक्षा होती.

वडिलांना उचलायच्या आधी आत्तीनं आईला उंबऱ्याजवळ बसवलं. आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण, ऐन तिशीत विधवा झालेली. आईच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. आत्तीनं तिचं मनगट धरलं आणि माझ्याकडं बघून विचारलं, "काय करायचं गं?"

मला बारा आकडा आठवला. खरं सांगते, तेवढाच आठवला.

"तू म्हणशील तसं," मी म्हणाले.

आत्ती थोडा वेळ तशीच थांबली. मग तिनं दगड मागितला. नंतर काचा मी ओल्या फडक्यानं गोळा केल्या. बोटाला एकही लागली नाही.

बाराव्यानंतर मी कामावर गेले आणि खेळात एक नवा नियम घातला. वरातीमागून घोडं म्हणतात तसं. हुकूम दरबारात लगेच लागू होईल, पण गावातलं एक तरी घर तो पाळेपर्यंत त्या गावापुरता कागदावरच राहील. एका घरानं पाळला की बाकीची हळूहळू मागून येतील. नियमाला नाव दिलं 'पहिलं घर'. असं घर मिळायची शक्यता मी शंभरात दोन ठेवली.

तक्रारी यायला लागल्या. सगळे हुकूम काढलेत, गावात काहीच होईना, खेळ बिघडलाय का? आमचा प्रमुख माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे, तो म्हणाला, "मॅडम, शक्यता वाढवा. लोक कंटाळायला लागलेत." मी म्हटलं, "आमच्या गावात दोन दिवस राहून ये, मग वाढवते." खालून दातांच्या मशीनचा आवाज येत राहिला.

वडिलांना जाऊन पाच महिने झाले तेव्हाची गोष्ट. रविवारी आई आणि मी पावट्याच्या शेंगा सोलत बसलो होतो. तिनं विचारलं, हल्ली काय काम असतंय. मी 'पहिलं घर' समजावून सांगितलं. तिला ते प्रमुखापेक्षा लवकर कळलं.

"म्हंजे कुणीतरी पयलं पायजे."

"व्हय. पण मिळत नाही. घराघरात आत्तीसारखी माणसं बसल्यावर कुठलं मिळायचं?" मी जरा कुजकटच बोलले.

आईचा हात थांबला. "वन्सांना नावं ठेवू नगंस. त्या दिवशी आत घरात मला काय म्हणाल्या म्हाईत हाय? म्हणाल्या, माझ्या येळंला कुणीबी न्हवतं. मी पोरीला इचारती. शिकलेली हाय. ती नगं म्हटली, तर मी काचंला हात लावणार न्हाई, मग कोण काय बोलायचं ते बोलू दे."

आत्ती थांबली होती, ते मला आठवत होतं. जिचं नाव मी मनात श्रद्धेच्या पट्टीवर लिहून ठेवलं होतं, ती बाई माझ्या एका शब्दासाठी मनगट धरून थांबली होती.

"मग इचारलं की त्यांनी," आई म्हणाली आणि पुन्हा सोलायला लागली.

"आणि तू?" मी म्हटलं. "तू का नाही बोललीस?"

"मला कुणी इचारलं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र लाज वाटली, आणि त्या सकाळपासून मला काहीतरी वाटण्याची ती पहिलीच वेळ होती. तेव्हा तरी तिला विचारता आलं असतं, की आई, तुला बांगड्या घालायच्यात का? समोर तिचे दोन्ही मोकळे हात शेंगा सोलत होते. मी विचारलं नाही. ताट रिकामं होईपर्यंत आम्ही दोघी सोलत राहिलो.